दोन वाक्यांचे एक वाक्य : इंग्रजीतील समानाधिकरण

मराठी माध्यमातून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात प्रत्येक वाक्य बिनचूक असते. मात्र सुट्या, तुटक वाक्यांमुळे परिच्छेद वाचताना ठेचा लागतात. ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणात वाक्ये जोडण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांपैकी एक सोपी रीत म्हणजे ‘ॲपोझिशन’, अर्थात समानाधिकरण. एकाच व्यक्तीचा वा वस्तूचा निर्देश करणारी दोन नामे किंवा नामसमूह शेजारी ठेवणे, हे तिचे सूत्र.

पुढील दोन वाक्ये पाहा :

‘सी. व्ही. रामन वॉन द नोबेल प्राइझ इन १९३०. ही वॉज ॲन इंडियन फिजिसिस्ट.’

दुसऱ्या वाक्यातील ‘ही’ हा कर्ता व ‘वॉज’ हे क्रियापद गाळावे. उरलेला नामसमूह रामन यांच्या नावालगत, दोन स्वल्पविरामांमध्ये ठेवावा :

‘सी. व्ही. रामन, ॲन इंडियन फिजिसिस्ट, वॉन द नोबेल प्राइझ इन १९३०.’

मराठीची सवय

मराठीत आपण ‘भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन’ असे लिहितो. वर्णन आधी, नाव नंतर. स्वल्पविराम नाही आणि उपपदही नाही. या सवयीमुळे इंग्रजीत ‘ॲन’ गळते किंवा दुसरा स्वल्पविराम राहून जातो. पडताळा सोपा आहे : स्वल्पविरामांमधील मजकूर झाकला, तरी उरलेले वाक्य पूर्ण वाटले पाहिजे.

जागा महत्त्वाची

नामसमूह ज्याचे वर्णन करतो, त्याच्या लगतच हवा. ‘सी. व्ही. रामन रिसीव्ह्ड द प्राइझ इन स्टॉकहोम, ॲन इंडियन फिजिसिस्ट’ असे लिहिल्यास स्टॉकहोम हे शहरच भौतिकशास्त्रज्ञ ठरते!

स्वल्पविरामाने बदलणारा अर्थ

‘माय सिस्टर, सुनीता, लिव्ह्ज इन नाशिक’ या वाक्यातून लेखकाला एकच बहीण असल्याचे सूचित होते. स्वल्पविराम काढल्यास बहिणी एकाहून अधिक असून त्यांपैकी सुनीताविषयी विधान आहे, असा अर्थ निघू शकतो. निबंधात हा फरक कदाचित खपून जाईल; वारसांची माहिती देणाऱ्या कागदपत्रात मात्र तो घोटाळा करू शकतो.

वाक्ये जोडताना मुख्य माहिती क्रियापदासह ठेवावी आणि पूरक माहितीचा नामसमूह करावा. प्रत्येक वाक्य जोडण्याचा अट्टहास नको. जेथे दुसरे वाक्य केवळ ओळख करून देते, तेथेच ही रीत शोभते.