कंपवात आणि मावळलेली इच्छा

हात कापणे, चाल मंदावणे, अंग ताठरणे ही कंपवाताची लक्षणे कोणाच्याही नजरेस पडतात. परंतु अशा रोग्याच्या घरी आणखी एक तक्रार पुष्कळदा ऐकू येते. “यांना आता कशातच गोडी राहिली नाही. सांगितले तर करतील. आपण होऊन काही करणार नाहीत.” घरची माणसे याला कधी आळस म्हणतात, कधी हट्ट. हा रोगाचाच एक भाग आहे, हे उमगण्यास वैद्यकशास्त्रालाही दीडशेहून अधिक वर्षे लागली.

इ. स. १८१७ मध्ये लंडनच्या हॉक्स्टन भागातील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या रोगावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रोग्यांचे वर्णन होते आणि त्यांतील काही तर त्यांना रस्त्यातच दिसले होते. तरीही निरीक्षण इतके सूक्ष्म, की पुढे पॅरिसच्या शार्को यांनी रोगाला पार्किन्सन यांचेच नाव दिले. मात्र रोग्याची इंद्रिये व बुद्धी अबाधित राहतात, असे त्या निबंधात म्हटले होते. शार्को यांना ते मान्य नव्हते; पण रोग हा हातापायांचाच, ही समजूत दीर्घकाळ टिकली.

१९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांनी पॅरिस येथे मृत रोग्यांचे मेंदू तपासले, तेव्हा मध्यमस्तिष्कातील एका काळसर भागातील पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. त्यांचे कार्य कळण्यास भारतातील एका वनस्पतीचे साहाय्य झाले. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे निपचित पडले. मग डोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. याच डोपापासून मेंदूत डोपामीन तयार होते. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या एरिंगर व होर्निकिविच यांनी कंपवाताने मृत झालेल्यांच्या मेंदूत डोपामीन फार कमी असल्याचे दाखविले. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी डोपाच्या मोठ्या मात्रा देऊन रोग्यांच्या हालचाली सुधारल्या.

हातपाय मोकळे झाले. तरीही काही रोगी आपण होऊन उठेनात. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील रॉबर्ट मॅरिन यांनी या औदासीन्याला स्वतंत्र स्थान दिले. विषादात मनुष्य दुःखी असतो. औदासीन्यात त्याची प्रेरणाच ओसरते आणि त्याचे त्याला फारसे दुःखही वाटत नाही. १९९२ मध्ये स्टार्कस्टाइन व सहकाऱ्यांनी कंपवाताचे ५० रोगी तपासले. त्यांतील १५ जणांत औदासीन्य व विषाद एकत्र होते. पण ६ जणांत विषादावाचून औदासीन्य होते.

याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. डोपामीनची एक वाट हालचालींचे नियमन करणाऱ्या भागाकडे जाते. तिच्या शेजारून निघणारी दुसरी वाट, अमुक केले तर काही लाभ आहे, असे मनाला वाटावयास लावणाऱ्या भागांकडे जाते. २०१० मध्ये फ्रान्समधील वैद्यांनी ६३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूत विद्युत्‌तारा बसविल्यावर त्यांची डोपामीनवर्धक औषधे बरीच कमी करता आली होती. हालचाली सुधारल्या, पण ३४ जण उदासीन झाले. काहींच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा उदासीन रोग्यांत ही दुसरी वाट अधिक झिजलेली दिसली. त्यांपैकी निम्म्यांचे औदासीन्य पुढे ओसरलेही.

रोग्याने फिरावयास जाण्याचे टाळले, नातवंडाची चौकशी केली नाही, तर ती माया आटल्याची खूण नव्हे. अशा माणसाला दूषण देऊन उपयोग नसतो. ही गोष्ट डॉक्टरांच्या कानी घालावी, दिवसाचा क्रम ठरवून द्यावा आणि “चला, आपण दोघे जाऊ” असे म्हणून त्याच्याबरोबर निघावे. जी सुरुवात त्याच्या मेंदूला जमत नाही, ती अशा वेळी दुसऱ्या कोणी करून द्यावी लागते.