लास पिन्यासचा बांबू ऑर्गन

लास पिन्यासचा बांबू ऑर्गन हा फिलिपिन्समधील मनिला महानगराच्या दक्षिण भागात असलेल्या लास पिन्यास शहरातील संत जोसेफ पॅरिश चर्चचा पाइप ऑर्गन आहे. दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूंनी तो १८१६ ते १८२४ या काळात बांधला. त्यातील एकूण १,०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या बांबूच्या, तर १२९ धातूच्या आहेत. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २००३ मध्ये या वाद्यास ‘राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा’ म्हणून घोषित केले.

वाद्यप्रकार

मराठी संगीत रंगभूमीवर ‘ऑर्गन’ या नावाने ओळखले जाणारे पायपेटीचे वाद्य आणि पाइप ऑर्गन ही दोन भिन्न वाद्ये आहेत. पायपेटीत हवेच्या दाबाने धातूच्या पत्त्या कंप पावतात व त्यांतूनच स्वर उमटतो. पाइप ऑर्गनमध्ये मात्र प्रत्येक स्वरासाठी आणि प्रत्येक नादप्रकारासाठी स्वतंत्र नळी असते. भात्यातून आलेली हवा एका बंद पेटीत साठते. वादकाने पट्टी दाबली की त्या स्वराची झडप उघडते आणि हवा नळीत शिरते. कोणत्या नादाच्या नळ्या वाजाव्यात हे पट्ट्यांच्या बाजूला असलेल्या खुंट्या ओढून ठरवले जाते. बहुतेक नळ्या बासरीच्या तत्त्वावर वाजतात. काही नळ्यांच्या तळाशी मात्र पत्ती बसवलेली असते.

निर्मिती

दिएगो सेरा यांचा जन्म १७६२ मध्ये स्पेनमधील ग्राउस येथे झाला. ते ऑगस्टिनियन रिकलेक्ट या संघाचे सदस्य होते. फिलिपिन्समध्ये आल्यानंतर १७९५ मध्ये त्यांची लास पिन्यासचे धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली. त्या काळी लास पिन्यास हे मासेमारी व मिठागरांवर उपजीविका करणारे समुद्रकाठचे गाव होते. तेथील दगडी चर्चचे बांधकाम सेरा यांच्याच देखरेखीखाली झाले. वाद्यनिर्मितीचे त्यांना उत्तम ज्ञान होते आणि मनिलातील चर्चसाठीही त्यांनी ऑर्गन बांधले होते.

लास पिन्यासच्या ऑर्गनसाठी त्यांनी परिसरात मुबलक मिळणारा बांबू निवडला. १८१६ मध्ये तोडलेला बांबू त्यांनी काही महिने समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत पुरून ठेवला. ओल्या बांबूतील पिष्ट व शर्करा यांमुळे त्याला भुंगेरे लागतात. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या बांबूत हे घटक कमी होतात व तो टिकाऊ बनतो. या प्रक्रियेतून जो बांबू कीड न लागता शिल्लक राहिला, त्याच्याच नळ्या करण्यात आल्या. १८२१ पर्यंत ऑर्गन वाजवण्याजोगा झाला होता, परंतु त्यात तुतारीच्या नादाच्या नळ्या नव्हत्या. या नळ्यांना वरच्या बाजूस रुंदावत जाणारा शंकूसारखा आकार लागतो, तर बांबूचे पेर जवळपास एकसारख्या जाडीचे असते. अखेर सेरा यांनी त्या धातूच्या केल्या आणि १८२४ मध्ये वाद्य पूर्ण झाले. सेरा यांचे १८३२ मध्ये निधन झाले.

रचना

या ऑर्गनवर स्पॅनिश परंपरेचा ठसा स्पष्ट दिसतो. त्यास हाताने वाजवायच्या पट्ट्यांची एकच रांग आहे. मात्र खुंट्या खर्ज व तार अशा दोन भागांत विभागलेल्या असल्यामुळे एकाच रांगेवर डावा व उजवा हात निरनिराळे नाद वाजवू शकतो. धातूच्या तुताऱ्या वाद्याच्या दर्शनी भागातून आडव्या बाहेर आलेल्या आहेत. पक्ष्यांच्या किलबिलाटाचा व ढोलाचा आभास निर्माण करणाऱ्या खुंट्याही त्यात आहेत.

धातूची नळी कारागिराला हव्या त्या व्यासाची करता येते. बांबूच्या बाबतीत मात्र निसर्गाने दिलेला व्यास स्वीकारावा लागतो. प्रत्येक स्वरासाठी योग्य जाडीचा बांबू शोधणे, आतील गाठींचे पडदे काढणे, नळीला मुख कोरणे आणि तिचा स्वर जुळवणे ही कामे नळीगणिक वेगळी करावी लागतात.

दुरवस्था व जीर्णोद्धार

एकोणिसाव्या शतकात भूकंप व चक्रीवादळे यांमुळे चर्चची व ऑर्गनची मोठी हानी झाली आणि वाद्य अनेक वर्षे वाजवण्याच्या स्थितीत नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चर्चचा कारभार पाहणाऱ्या बेल्जियन मिशनऱ्यांच्या काळात त्याची अंशतः दुरुस्ती झाली, तरी त्याचा मूळ नाद परत आला नाही.

१९७२ मध्ये संपूर्ण जीर्णोद्धाराचे काम जर्मनीतील बॉन येथील योहान्नेस क्लाइस या ऑर्गननिर्मात्या संस्थेकडे सोपवण्यात आले आणि १९७३ मध्ये सुटा केलेला ऑर्गन तेथे पाठवण्यात आला. युरोपातील थंड, कोरड्या हवेत बांबूला तडे जाण्याचा धोका असल्याने काम सुरू असताना कार्यशाळेत फिलिपिन्ससारखे उष्ण व दमट हवामान कृत्रिमरीत्या राखण्यात आले. याच काळात वास्तुविशारद फ्रान्सिस्को मान्योसा यांच्या मार्गदर्शनाखाली चर्चच्या इमारतीलाही तिचे एकोणिसाव्या शतकातील रूप पुन्हा देण्यात आले. १९७५ मध्ये ऑर्गन लास पिन्यासला परतला आणि ९ मे १९७५ रोजी पुनरुद्घाटनाची मैफल झाली.

सद्यस्थिती

१९७६ पासून चर्चमध्ये दरवर्षी आंतरराष्ट्रीय बांबू ऑर्गन महोत्सव भरतो व त्यात देशोदेशीचे वादक सहभागी होतात. महोत्सवाखेरीज उपासनेतही ऑर्गनचा वापर होतो. युरोपात प्रशिक्षण घेतलेल्या फिलिपिनो कारागिरांनी १९९४ मध्ये लास पिन्यास येथे दिएगो सेरा यांच्या नावाने ऑर्गननिर्मितीची कार्यशाळा स्थापन केली. २००३-०४ मधील ऑर्गनची मोठी दुरुस्ती याच कार्यशाळेने केली. तीस वर्षांपूर्वी ज्या कामासाठी संपूर्ण वाद्य समुद्रापार न्यावे लागले होते, ते या वेळी वाद्याच्या गावातच पार पडले.