रडू नकोस, असं स्तोत्रं म्हणत नाहीत

आपल्या मौद्याच्या उत्तरेकडून नागपूर-राजनांदगावचा रेल्वेमार्ग जातो. १८९३ साली याच प्रवासात एका सहप्रवाशानं नारायण वामन टिळकांच्या हाती ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. तो संताप, ते रडणं ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी झाकून ठेवलेलं नाही. मन वळलं तेव्हाच, १९०० साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

घरात कुणी गेलं की आपण म्हणतो, ‘रडू नकोस, देवाची इच्छा.’ पण बायबलातली दीडशे स्तोत्रं वाचून बघा. त्यातली कितीतरी म्हणजे देवाकडे केलेली सरळ तक्रार आहे. रागालाही प्रार्थनेत जागा आहे हो!

१९१९ मध्ये टिळक गेले; ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. शाळेत न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले. त्यांचं दुःख संपलं, असं मी म्हणणार नाही. ते घेऊन रोज बसायला त्यांना एक जागा मिळाली, एवढं मात्र दिसतं.