हँडब्रेक सैल झालाय? केबल आवळण्याआधी ड्रम तपासा

पावसाळ्यात वसई-विरारच्या साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की मागच्या ब्रेक ड्रममध्ये चिखल शिरतो आणि लायनर लवकर झिजतात. मागे ड्रम ब्रेक असलेल्या कारमध्ये हँडब्रेकची केबल हेच ब्रेक शू ड्रमवर दाबते. त्यामुळे लिव्हर नेहमीपेक्षा जास्त वर येत असेल, तर नुसती केबल आवळू नका. लिव्हर घट्ट वाटेल, पण झिजलेला शू तसाच राहील.

सपाट जागेवर पुढच्या चाकांना अडण लावा, गाडी जॅक स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडून ड्रम काढा. लायनर मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा पातळ असेल तर दोन्ही चाकांचे शू बदला. आधी शू अ‍ॅडजस्ट, मग केबल. शेवटी हँडब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरतंय ना, हे बघा.