टेक्सास रिग

१४. टेक्सास रिग : मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ गळाला लावण्याची अमेरिकी रीत. असे गांडूळ निक क्रीम यांनी ओहायोतील अ‍ॅक्रन येथे १९४९मध्ये तयार केले. तंगुसात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, आरपार भोक असलेले शिसे ओवतात, मग गळ बांधतात. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यातून जरासे आत घालून बाजूने काढतात आणि गळ फिरवून ते टोक पुन्हा त्याच्या अंगात लपवतात. सारे महत्त्व या लपवण्याला आहे. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा पाणवनस्पतींत, बुडालेल्या ओंडक्यांआड दबा धरून असतो आणि उघडा गळ तिथे हमखास अडकतो. गांडूळ सरळ बसायला हवे. वाकडे बसले तर ओढताना गरगरते आणि तंगुसाला पीळ पडतो. आमिष तळाला टेकू देतात, काठीचे टोक हळूच उचलतात, पुन्हा बुडू देतात. मासा ते बहुधा बुडतानाच तोंडात घेतो. म्हणून इथे म्हाताऱ्याची नजर सैल तंगुसावर खिळली आहे. पुढच्या ओळीतला त्याचा जोरदार हिसका गळाचे टोक प्लॅस्टिक भेदून जबड्यात रुतावे यासाठी आहे.