ढगाचे बीज

जूनमधल्या एखाद्या दुपारी सोलापूरच्या नवी पेठेत जरा उभे राहावे. दुकानदार बोलता बोलता पायरीवर येतो, वर पाहतो आणि म्हणतो, "आभाळ आलंय, पण पडंल असं वाटत नाही." सह्याद्रीवर रिते होऊन उरलेले ढग आमच्या वाट्याला येतात. पेरणी झाली तर कापड खपते, नाही तर उधारीची वही जाड होते. कोणी ईदगाहवर नमाजाला जातो, कोणी महादेवाचा गाभारा पाण्याने भरतो.

ढग म्हणजे समुद्राची वाफ, असे आपण शाळेत शिकलो. पण नुसत्या वाफेचा ढग होत नाही. १८७५ साली फ्रान्समधील कूलिए यांनी आणि १८८० साली स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी हे दाखवून दिले. काचेच्या भांड्यात कापसातून गाळलेली हवा भरली आणि वाफ सोडली, तर धुके धरत नाही. साधी धुळकट हवा असली की लगेच धरते. थेंबाला बसायला कण लागतो.

मग भर समुद्रावर, जिथे धूळ फारशी नाही, तिथे हा कण येतो कुठून? याचा माग अमेरिकेतल्या आल्फ्रेड वुडकॉक यांनी काढला. 'अटलांटिस' या संशोधननौकेवर ते खलाशी म्हणून लागले होते. पुढे विमानातून काचपट्ट्या बाहेर धरून त्यांनी समुद्रावरच्या हवेतले मिठाचे कण टिपले. १९४७ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर समुद्र सूक्ष्मजीवांनी लाल झाला आणि किनाऱ्यावरची माणसे खोकू लागली. तेव्हा वुडकॉक यांना दिसले की, पाण्यातून उडालेल्या बारीक तुषारांबरोबर त्या जीवांचा अंशही हवेत येतो.

हे घडते बुडबुड्यामुळे. लाट फुटली की हवा पाण्यात कोंडते आणि बुडबुडे होऊन वर येते. समुद्राच्या पृष्ठावर सूक्ष्म वनस्पतींनी सोडलेल्या स्निग्ध पदार्थांचा, प्रथिनांचा, शर्करांचा पातळ थर असतो. बुडबुड्याच्या पापुद्र्यावर तोच चढतो. बुडबुडा फुटला की त्याच्या चिंधड्या मीठ आणि तो जैव अंश घेऊन वाऱ्यावर जातात. १९६४ साली डंकन ब्लँचर्ड यांनी हे मांडले. २००४ साली आयर्लंडच्या मेस हेड केंद्रावरील मोजणीतून दिसले की, समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचा बहर असतो तेव्हा हवेतल्या अतिसूक्ष्म सागरी कणांत निम्म्याहून अधिक वाटा जैव पदार्थांचा असतो.

सोलापूरपासून समुद्र जवळपास तीनशे किलोमीटर. तरी ही गोष्ट आमच्या दारी आलीच. २०१८ आणि २०१९ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात प्रयोग केले. विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडले. विशिष्ट क्षेत्रात सरासरी सुमारे १८ टक्के पाऊस वाढल्याचे आढळले, पण प्रत्येक ढग बरसला नाही. ढग मुळात असावा लागतो. माणूस त्याला फक्त चिमूटभर बीज देऊ शकतो. समुद्र ते काम बुडबुड्याबुडबुड्याने, अनादि काळापासून करत आला आहे.

मी आजवर कवितांत समुद्राला केवळ पाण्याचा दाता म्हटले. आता ती चूक दुरुस्त करतो. पाण्याबरोबर तो बीही पाठवतो. समुद्रातल्या त्या न दिसणाऱ्या जीवांचे आणि नवी पेठेतल्या उधारीच्या वहीचे नाते आहे, हे ध्यानात ठेवून आता आभाळाकडे पाहू या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)