रूम सोडताना डिपॉझिट कापलं? आधी हिशेब मागा

कोडोली : परीक्षा संपल्या की वारणानगरात इंजिनिअरिंग, फार्मसी शिकणारी पोरं कोडोली परिसरातल्या भाड्याच्या रूम खाली करतात आणि डिपॉझिटचा वाद सुरू होतो. समजा दहा हजार डिपॉझिट आहे. रंगाचे चार, साफसफाईचा एक, 'इतर' दोन असं कापून तीन हजार हातावर टेकवले, तर पोरगं गप घेऊन गावाकडं जातं. बापानं ते पैसे उसाच्या बिलातून काढून दिलेले असतात.

थकलेलं भाडं, लाईटबिल आणि मोडतोड एवढंच घरमालकानं कापावं. बेसिन फोडलं असेल तर ते पोरांनीच भरायचं, त्यात वाद नाही. पण वर्षभर राहिल्यावर भिंत मळणारच. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०८ मध्ये भाडेकरूनं जागा होती तशी परत द्यावी असं आहे; मात्र वापरानं होणारी वाजवी झीज त्यातून वगळली आहे. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी करार कायदा १८७२, कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, सरसकट दंड नाही.

करारच नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हा कायदा परिशिष्टातल्या ठिकाणांनाच लागू आहे, तेव्हा आपलं गाव त्यात बसतं का हे वकिलाला विचारावं.

भांडण काढण्याआधी कापलेल्या प्रत्येक रकमेचं बिल व्हॉट्सॲपवर मागावं. तोंडी मागितलेलं पुढं कुणी मानत नाही. डिपॉझिट फोन पे वरून दिलं असेल तर तो स्क्रीनशॉट जपावा. रोख दिलं असेल तर पावती हवीच, आणि इथंच बहुतेक पोरं अडकतात. रूम सोडताना भिंती, पंखे, नळ, मीटरचं रीडिंग यांचे फोटो घरमालकासमोर काढून त्यालाच पाठवावेत, मगच किल्ली द्यावी.

उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टानं नोटीस धाडावी. पोलिस ठाण्यात गेलं तर बहुधा 'दिवाणी बाब आहे' असंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा विधी सेवा समितीकडं साधा अर्ज करून दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, त्याला कोर्ट फी नाही. मुलींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. माहितीसाठी १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळं गेल्या वर्षी रूम सोडलेल्यांनाही अजून मागणी करता येते.